हुद्दा : मालक

मंगळवारी सकाळी सात वाजता मार्लिस कोवाल्के पेट्रोल पंपावर कॉफी घ्यायला थांबली, तेव्हा ती एका चीज कारखान्यात नोकरीला होती. कॉफीत दूध घालून झाकण लावेपर्यंत तो कारखाना तिच्या मालकीचा झाला.

"अभिनंदन हं मार्लिस," मागून एल्डन बोर्गचा आवाज आला. एल्डनकडे एकशेचाळीस गाई होत्या आणि त्या सगळ्यांचं दूध स्टेनरुड चीजमध्येच जायचं.

"कशाबद्दल?"

"घ्या! कशाबद्दल म्हणे! बरं, मला घाई नाही. पण आता दुधाच्या भावाचं तेवढं बघ बाई. त्या ऑर्विनला मी नऊ वर्षं सांगतोय. म्हातारा ऐकून घ्यायचा, मान हलवायचा आणि तोच भाव द्यायचा. विकला ते बरंच झालं."

"काय विकलं?"

"कारखाना."

"कुणाला?"

"तुला."

मार्लिसनं कॉफीचा घोट घेतला. जीभ भाजली. म्हणजे ती जागी होती.

गल्ल्यावरच्या बाईनं आज तिच्याकडून कॉफीचे पैसे घेताना पहिल्यांदाच 'मॅडम' म्हटलं आणि 'लिंडरप बिगुल'चा ताजा अंक पुढं सरकवला. बिगुल आठवड्यातून एकदा निघायचा. मागच्या मंगळवारी पहिल्या पानावर एक भोपळा होता, फार मोठा. या मंगळवारी मार्लिस होती.

'स्टेनरुड चीजच्या मालक मार्लिस कोवाल्के यांनी डेमोक्रॅट पक्षाच्या उमेदवाराला दोनशे दहा डॉलरची देणगी दिल्याचे निवडणूक आयोगाच्या यादीवरून उघड झाले आहे. गेल्या पन्नास वर्षांत कारखान्याने कोणत्याही पक्षाची बाजू घेतली नव्हती. कारखान्याची विक्री केव्हा झाली, हे समजू शकले नाही.'

खासदारकीच्या निवडणुकीला तीन आठवडे उरले होते. डेमोक्रॅटांकडून उभी होती एक गुरांची डॉक्टरीण, रिपब्लिकनांकडून एक ट्रॅक्टरविक्या. दोघंही लिंडरपच्या पन्नास मैलांच्या आतले, त्यामुळं गावातल्या प्रत्येकाची निदान एक गाय डॉक्टरणीनं बरी केलेली आणि निदान एक ट्रॅक्टर ट्रॅक्टरवाल्यानं गळ्यात मारलेला. आणि उमेदवाराला दोनशे डॉलरच्या वर दिले की देणाऱ्याचं नाव, गाव, कुठं नोकरी, काय हुद्दा, सगळं आयोगाच्या यादीत जातं, आणि ती यादी कुणीही घरबसल्या उघडून बघावी. लोक आपल्या जावयाचं नाव आधी शोधतात.

यादीत खोटं काहीच नव्हतं. नाव तिचंच, पैसे तिचेच, आणि 'हुद्दा : मालक' हेही तिनंच स्वतःच्या बोटांनी टाइप केलेलं. त्या दिवशी ती होतीच मालक.

स्टेनरुड चीजमध्ये ज्याचा वाढदिवस, तो त्या दिवशीचा मालक. सकाळच्या घंटेपासून संध्याकाळच्या घंटेपर्यंत ऑर्विन स्टेनरुडची हिरवी टोपी त्याच्या डोक्यावर, ऑर्विनची फिरती खुर्ची त्याच्या बुडाखाली, आणि ऑर्विन स्वतः त्या माणसाच्या जागी कामाला. दुसऱ्या कुठल्या गावात याची थट्टा झाली असती. लिंडरपची माणसं पडली कडक लुथरन ख्रिस्ती. गंमत म्हणून सुरू केलेली गोष्टही ती मान खाली घालून, नियमाप्रमाणे, वेळेवर करतात. एकदा शिकागोचा एक मोठा व्यापारी आला, मालक कुठायत म्हणून विचारू लागला, तर त्याला पॅकिंगमधल्या एकोणीस वर्षांच्या रॉलीनपुढं नेऊन बसवलं. तिनं त्याला सहा टन चीज विकलंसुद्धा. ऑर्विन त्या वेळी शेजारी डब्यांवर लेबलं चिकटवत होता आणि त्यानं मान वर करून पाहिलं नाही.

मार्लिसचा वाढदिवस सतरा जूनला. खुर्चीत बसून करायला काही नव्हतं. मोबाइल दारातल्या कपाटात ठेवून यावे लागत, चीजच्या स्वच्छतेसाठी. पण मालकाच्या टेबलावर संगणक होता, आणि त्यावर तिनं आपलं ई-टपाल उघडलं.

'मार्लिस, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!' डॉक्टरणीच्या प्रचार कार्यालयानं लिहिलं होतं. 'लोकशाही आज रात्री बारा वाजता संपत आहे.'

वीस मिनिटांनी दुसरं आलं. 'मार्लिस, आम्ही रडत नाही.' आणखी दहा मिनिटांनी तिसरं. 'मार्लिस, आम्ही खोटं बोललो. आम्ही रडत आहोत.' आयुष्याच्या दर वर्षामागं फक्त सहा डॉलर द्या, असं त्यात होतं. मार्लिसला त्या दिवशी पस्तीस पूर्ण झाली होती. आईला धरून एवढ्या सकाळी तिची कुणालाच आठवण झाली नव्हती. तिनं फॉर्म उघडला.

नोकरी कुठं? स्टेनरुड चीज. हुद्दा? तिनं 'चीज तपासनीस' असं लिहिलं. खाली बारीक अक्षरांत होतं, कायद्यानं खरी माहिती देणं बंधनकारक आहे. मार्लिसनं काचेतून बाहेर बघितलं. डोक्याला जाळी बांधलेला ऑर्विन तिच्या जागेवर उभा राहून ताज्या चीजचे बोटभर तुकडे चावत होता. ताजं असलं की ते दातांखाली कुईं करतं, शिळं झालं की गप्प बसतं. ही कुईं ऐकणं हेच मार्लिसचं काम, आणि ते आत्ता ऑर्विन करत होता. मग तीही तपासनीस कशी? कारखान्यात तपासनीस एकच. तिनं खोडलं आणि 'मालक' लिहिलं. सरकारशी खोटं बोलणं तिला जमलंच नसतं.

आता हे सगळं बिगुलला कुणी सांगायचं? आणि बिगुलचं जाऊ दे, ऑर्विनला कुणी सांगायचं?

कारण हात धुवायच्या बेसिनवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं : 'इथे दूध, मीठ, विरजण. राजकारण बाहेर.' ऑर्विनच्या बापाचं आणि चुलत्याचं एका निवडणुकीवरून वाजलं होतं, आणि दोघांनी कारखान्याच्या मधोमध पिवळा पट्टा मारून घेतला होता. दूध एकाच्या बाजूला राहिलं, मीठ दुसऱ्याच्या. पाच आठवडे लिंडरपनं अळणी चीज खाल्लं. तेव्हापासून नियम. कुणी राजकारण आत आणलंच, तर त्याला हाकलत नसत. त्याला खोके दुमडायला बसवत. शहाण्णव साली एक जण कोटाला उमेदवाराचा बिल्ला लावून आला होता. तो खोके दुमडत दुमडतच निवृत्त झाला.

आणि मार्लिसला खोके दुमडायचे नव्हते. तिला हार्लनची जागा पाहिजे होती. मुख्य कारागीर हार्लन अडतीस वर्षांनी शुक्रवारी निवृत्त होत होता, आणि त्याच्या जागी कोण, हे ऑर्विन शुक्रवारीच जाहीर करणार होता. नावं दोनच : मार्लिस, नाहीतर दूध उतरवून घेणारा व्हर्न विशिन्स्की. मार्लिसकडं कारागिरीचा परवाना येऊन अकरा वर्षं झाली होती. हौदात दूध विरजून दह्यासारखं घट्ट झालं की ते कापायचं, आणि कुठला हौद कधी कापायचा हे तिला शेजारच्या खोलीतून नुसत्या वासावर कळायचं. 'दोन नंबरचा हौद कापायला घ्या' हे वाक्य ती अंघोळ करताना म्हणून बघायची. तीन वेगवेगळ्या आवाजांत.

कपडे बदलायच्या खोलीत व्हर्न होता. वय बावन्न, दाढी छातीपर्यंत, आणि त्या दाढीला नियमाप्रमाणे जाळी, जणू कुणी मासोळी पकडून हनुवटीला टांगली आहे. व्हर्न ट्रॅक्टरवाल्याचा कट्टर माणूस. त्याच्या गाडीवर प्रचाराचे तीन स्टिकर होते, म्हणून तो गाडी रस्त्यापलीकडं लावून चालत यायचा.

"या, या, मालकीणबाई," तो म्हणाला. "बूट मी चढवू का पायात?"

"व्हर्न, गप."

"दोनशे दहा डॉलर! त्या गाईच्या डॉक्टरणीला! अगं तेवढ्या पैशांत मी तुला अक्कल दिली असती."

"तुझ्याकडं शिल्लक होती?"

व्हर्न एवढ्या मोठ्यानं हसला की जाळीतली दाढी हलली. मग एकदम थांबला. बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली. त्या बुटांना नाड्या नव्हत्या, नुसतेच हात चालत होते.

"मार्लिस, एक विचारू? त्या यादीत... आणखी कुणाकुणाची नावं असतात?"

"दिले त्या सगळ्यांची."

"दोन्ही पक्षांच्या?"

"दोन्ही."

"म्हणजे ट्रॅक्टरवाल्याच्यासुद्धा."

मार्लिसनं डोक्याची जाळी अर्धवट सोडून त्याच्याकडं बघितलं. "व्हर्न. किती दिलेस?"

"वयाला चार डॉलरनं."

"बावन्न चोक दोनशे आठ." मार्लिस बाकावर बसली. "कधी?"

"नऊ फेब्रुवारीला. काय करू? सकाळी त्यांची चिठ्ठी आली. 'व्हर्न, आज तुझा वाढदिवस आणि तू अजून देशाला वाचवलं नाहीस?' असं कुणी विचारल्यावर..."

"हुद्दा काय लिहिलास?"

व्हर्न बुटांकडं बघत राहिला.

"व्हर्न!"

"फॉर्मवर खाली लिहिलं होतं ना, खरं लिहा म्हणून!"

बाहेर पंप चालू झाला.

"कुणाला बोलू नकोस," व्हर्न म्हणाला. "मी तुझ्या पाया पडत नाही, पण पडलो असं समज."

ऑफिसच्या दारात ग्लेनिस होती. ग्लेनिस ऑर्विनची धाकटी बहीण, वय बहात्तर. कारखान्याचे सगळे कागद तिच्या ताब्यात आणि ऑर्विनही.

"सकाळपासून तुझे निरोप लिहून घेतेय," ती म्हणाली आणि हातातला कागद वाचू लागली. "बँकेनं फुलं पाठवलीत. शाळेच्या बँडला नवे गणवेश पाहिजेत, तू देशील असं ते गृहीत धरून चालले आहेत, मापंही घेतलीत. एका विधुरानं फोन केला होता, नाव सांगितलं नाही, आवाज बरा होता. आणि एल्डनचा दोनदा. जा आत. वाट बघतोय."

सत्त्याहत्तर वर्षांचा ऑर्विन खिडकीशी उभा होता. खुर्ची रिकामी होती.

"बस," तो म्हणाला. "त्या खुर्चीतच बस. तुझी आहे म्हणतात."

मार्लिस खुर्चीत टेकली. "ऑर्विन..."

"मी कारखाना विकला म्हणे."

"मीही आजच ऐकलं."

"कितीला?"

"दोनशे दहा."

"फसलीस पोरी. छप्पर गळतंय." तो वळला. हसत नव्हता. "वाढदिवसाला दिलेस?"

"हो."

"घरून?"

इथं 'हो' म्हणता आलं असतं. 'हो' म्हटलं की सुटली. मार्लिसनं तोंड उघडलं, आणि मग तिला फॉर्मवरची ती बारीक अक्षरं आठवली, आणि ती चार महिन्यांनीही लागूच असावीत असं वाटलं.

"इथून. ह्याच खुर्चीतून. ह्याच संगणकावरून."

"म्हणजे राजकारण आत आलं."

"हौदापर्यंत नाही. इथपर्यंतच."

"मग यायचं कुठं राहिलं?" ऑर्विन टेबलाच्या कडेवर टेकला. त्याला खरंच वाईट वाटत होतं, आणि तेच जास्त वाईट होतं. ओरडला असता तर बरं. "शुक्रवारी मी तुझंच नाव सांगणार होतो, मार्लिस. पण नियम माझ्या बापानं केलाय. आता व्हर्नचं नाव सांगावं लागेल. तो आहे मोठ्या तोंडाचा, पण गाडी बघ कशी रस्त्यापलीकडं लावतो."

नऊ फेब्रुवारी ही तारीख मार्लिसच्या जिभेच्या टोकावर येऊन बसली. आत्ता हललं तर पडेल अशी. तिनं दात मिटले. खोके दुमडायला एकाऐवजी दोघं बसले, म्हणून काही मुख्य कारागिराची जागा तिच्याकडं चालत येणार नव्हती, आणि व्हर्नशेजारी वीस वर्षं खोके दुमडायचे, म्हणजे वीस वर्षं व्हर्नचं बोलणं ऐकायचं.

"खोके कुठं असतात?" तिनं विचारलं.

तेवढ्यात दार उघडलं. दाराला कान लावून उभा असलेला माणूस दार उघडल्यावर जसा आत येतो, तसा व्हर्न आत आला, म्हणजे डोक्यानं आधी.

"ऑर्विन," तो म्हणाला, "मी पण मालक आहे."

"कशाचा?"

"ह्या कारखान्याचा. नऊ फेब्रुवारीपासून. ट्रॅक्टरवाल्याला दिले, इथूनच." त्याला घाम फुटला होता, पण एकदा सुटल्यावर थांबायचं कसं हे व्हर्नला कधीच माहीत नव्हतं. "आणि आयोगाच्या कागदाप्रमाणे मी हिच्या चार महिने आधीचा मालक आहे. म्हणजे हिनं कारखाना घेतलाच असेल, तर तो तुमच्याकडून नाही. माझ्याकडून."

"मला तुझ्याकडून एक सेंट मिळाला नाही," मार्लिस म्हणाली.

"तूच मला द्यायचेस! मी विकणारा!"

"कुणीही कुणाला काही विकलेलं नाही!" ऑर्विन ओरडला. फोन वाजला. त्यानं उचलला, ऐकला आणि फोनवर हात ठेवून म्हणाला, "एल्डन. व्हर्नही मालक आहे असं त्याला आत्ताच यादीत दिसलंय. तुमच्यापैकी जो जास्त भाव देईल त्याला दूध घालतो म्हणतोय."

"एक मिनिट," ग्लेनिस म्हणाली. व्हर्नच्या मागोमाग आत आलेली ती चष्मा लावून संगणकापुढं वाकली. "नावं कशाला शोधायची? कारखान्याचं नाव घालते, सगळे एकदम येतील."

आणि सगळे एकदम आले.

"कोवाल्के, मालक," ग्लेनिस वाचू लागली. बातम्या वाचाव्यात असा तिचा आवाज. "विशिन्स्की, मालक. रॉलीन, पॅकिंगवाली, मालक. दोघे लिंड भाऊ, मालक आणि मालक. ही मिठाच्या पाण्याजवळची ठेंगणी, मालक. हार्लन, मालक."

"हार्लनसुद्धा?"

"हार्लन दोन वर्षं लागोपाठ मालक. आपला ड्रायव्हर, मालक. रात्रीचा राखणदार, मालक. प्रयोगशाळेतली दोघं, मालक, मालक." तिनं बोटांवर मोजलं. "अकरा. सहा डॉक्टरणीकडं, पाच ट्रॅक्टरवाल्याकडं."

"चौतीस माणसांच्या कारखान्यात अकरा मालक," ऑर्विन हळूच म्हणाला. सकाळपासून पहिल्यांदाच तो खुर्ची शोधत होता, पण खुर्चीत मार्लिस होती. "मग मी कोण?"

"थांब, तूही आहेस," ग्लेनिस म्हणाली.

ऑर्विन एकदम खिडकीकडं वळला आणि बाहेरच्या रिकाम्या अंगणात त्याला काहीतरी अतिशय महत्त्वाचं दिसू लागलं.

"स्टेनरुड, ऑर्विन. चौदा मार्च," ग्लेनिस वाचत होती. "हुद्दा : फरशी पुसणारा."

चौदा मार्च हा ऑर्विनचा वाढदिवस. मालकाला एका दिवसाचा मालक करण्यात काय मजा, म्हणून त्या दिवशी तो पाइप आणि झाडू घेऊन फरशा धुतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"दोनशे एक डॉलर डॉक्टरणीला," ग्लेनिस म्हणाली. "आणि दोनशे एक डॉलर ट्रॅक्टरवाल्याला. त्याच दिवशी. सात मिनिटांच्या अंतरानं."

व्हर्न दाढीची जाळी कुरवाळत छताकडं बघत होता. हसू आवरताना माणूस छताकडंच बघतो. मार्लिसनं तर खुर्चीच भिंतीकडं फिरवून घेतली होती.

"दोघांना सारखे दिले की ते राजकारण राहत नाही," ऑर्विन खिडकीला म्हणाला. "एकमेकांना कापतात."

"मग दिलेसच कशाला?"

"त्यांनी आठवण ठेवली. दोघांनीही. सकाळी सहाला. घरात कुणाच्या लक्षात नव्हतं."

"मी केक केला होता!"

"पंधरा तारखेला."

ग्लेनिसनं चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. "ऑर्विन," ती म्हणाली, "बापाच्या नियमाप्रमाणे आता बारा माणसं खोके दुमडायला बसतील. आठवड्याचे खोके तुम्ही बाराजण मिळून मंगळवारी जेवणाच्या सुट्टीआधी संपवाल. मग उरलेला आठवडा चीज कोण करणार? मी?"

बाहेर दुधाच्या टँकरनं भोंगा वाजवला. दूध उतरवून घेणारा ऑफिसात उभा होता, चीज तपासणारी खुर्चीत बसली होती आणि मुख्य कारागीर, दोन वर्षांचा मालक, एव्हाना दारातून डोकं आत घालून विचारत होता की त्याच्याबद्दल काही बोलणं चाललंय का.

ऑर्विननं दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

"खोक्यांचं राहू द्या," तो म्हणाला. "पण यादी दुरुस्त झाली पाहिजे. आजच्या आज. गावाला एक मालक पुरे. सगळ्यांनी आपापल्या पक्षाला फोन करायचा आणि खरा हुद्दा सांगायचा. व्हर्न, आधी दूध उतरव."

"आणि शुक्रवारचं?" मार्लिसनं विचारलं. तिला विचारायचं नव्हतं, तोंडातून निसटलं.

"शुक्रवारचं शुक्रवारी."

म्हणजे गेलं नव्हतं. आणि मिळालंही नव्हतं.

दहा वाजता ऑफिसच्या दारापासून हौदांपर्यंत रांग लागली. सगळे जाळ्यांसकट. ग्लेनिसनं फोन स्पीकरवर टाकला होता, कारण प्रत्येकाचं नीट नोंदवून घ्यायचं होतं. पहिला ऑर्विन. त्याला दोन फोन करावे लागले, आणि दोन्हीकडच्या माणसांनी फरशी पुसणारा माणूस मालक झाल्याबद्दल तोंड भरून कौतुक केलं. ह्यालाच म्हणतात आपला देश, असं दोघंही म्हणाले, अगदी त्याच शब्दांत. मग व्हर्न आला. मी मालक नाही, दूध उतरवतो, असं त्यानं सांगितल्यावर ट्रॅक्टरवाल्याकडच्या मुलीला रडूच आलं.

"आठ महिन्यांत?" ती म्हणाली. "सर, सगळं गेलं का हो?"

"सगळं," व्हर्न म्हणाला. त्याला एकदम स्वतःची कीव आली.

"आम्ही निवडून आलो की तुमच्यासारख्यांसाठीच..."

"पुढचा!" ग्लेनिस म्हणाली.

मार्लिसनं डॉक्टरणीच्या कार्यालयाचा नंबर लावला. फोनवरची बाई निवृत्त शिक्षिका असावी. तिचं 'बोला' ऐकून रांगेतल्या दोघांनी पाठ ताठ केली.

"सतरा जूनची देणगी. हुद्दा चुकलाय," मार्लिस म्हणाली. "मालक नाही मी."

"मग आधी का लिहिलंत?"

"तेव्हा होते."

"बरं. ही दुरुस्ती आयोगाकडं शुक्रवारी जाणार आहे. मी एकदाच दुरुस्त करते, पुन्हा पुन्हा नाही. शुक्रवारी तुमचा हुद्दा काय असेल?"

मार्लिसनं ऑर्विनकडं बघितलं. ऑर्विननं फोनकडं बघितलं.

"आज मी तपासनीस आहे," मार्लिस म्हणाली.

"मी आजचं विचारलं नाही."

"शुक्रवारचं मला माहीत नाही."

"कुणाला माहीत आहे?"

"इथं एक गृहस्थ आहेत..."

"त्यांना पुढं यायला सांगा."

ऑर्विन पुढं आला. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, पण त्यानं आधी टोपी काढली. "बाई, हे शुक्रवारी जाहीर करायचं ठरलंय. आमच्याकडं अशी पद्धत..."

"मोठ्यानं बोला. पुटपुटू नका."

"म्हणजे, दोन उमेदवार आहेत, आणि सकाळीच आमच्याकडं जरा..."

"दोघंही तिथं हजर आहेत?"

"हो."

"मग अडचण काय आहे?"

ऑर्विननं व्हर्नकडं बघितलं.

"माझ्याकडं काय बघता?" व्हर्न म्हणाला. "माझं नाव घेतलंत, तर उद्या त्या मुलीला फोन करून सांगावं लागेल की मी परत वर आलो. ती मघाशी रडलीय हो माझ्यासाठी. आणि मला कुठं वास कळतो? मला दूध नासलेलं सुद्धा रंगावरून कळतं."

"मी थांबले आहे," फोन म्हणाला.

हार्लन घसा खाकरत म्हणाला, "तीच आहे, ऑर्विन. तुला माहीत आहे. गेल्या तीन वर्षांत हौद कधी कापायचा हे मी तिच्याच तोंडाकडं बघून ठरवतोय."

ऑर्विन मार्लिसकडं वळला. दहा मालक, एक बहीण आणि शाळेतली एक बाई वाट बघत होती. "लिहा," तो फोनमध्ये म्हणाला, आणि सांगितल्याप्रमाणे मोठ्यानं म्हणाला, "मुख्य कारागीर."

"मुख्य कारागीर," बाईंनी पुन्हा म्हटलं. लिहिल्याचा आवाज आला. "शुक्रवारपासून?"

"आता सांगून टाकलंच आहे तर आत्तापासून."

रांगेत कुणीतरी शिटी मारली. रॉलीननं डोक्याची जाळी हवेत उडवली, ती पंख्यात गेली. व्हर्ननं मार्लिसच्या पाठीत एवढी थाप मारली की ती टेबलावर आदळली, आणि तिथून, अर्धी आडवी, खोकत, ती ओरडली, "दोन नंबरचा हौद कापायला घ्या!"

हा चौथाच आवाज होता. अंघोळीत कधी न निघालेला. रांग मोडून सगळे हौदाकडं पळाले. हार्लन सगळ्यात पुढं.

"बाई," फोनमधून आवाज आला. फोनवरच्या बाई अजून तिथंच होत्या, हे सगळे विसरले होते. "अभिनंदन. तुमच्यासारख्या मुख्य कारागिरांच्या जोरावरच ही निवडणूक उभी आहे. आज आणखी पंचवीस डॉलर लिहू का?"

"एक मिनिट थांबा हं," मार्लिस म्हणाली आणि स्पीकरवर हात ठेवला. "ऑर्विन, पगार किती वाढला?"

पण ऑर्विनला अचानक टँकरची आठवण झाली होती, आणि तो दारातून बाहेर पडताना दिसला तो फक्त पाठमोरा.

"पाच लिहा," मार्लिस म्हणाली आणि त्याच्या मागं पळाली.